शुष्क कासात कासशामक औषधे : विवेक व दक्षता

खान्देशात कापसाचा हंगाम आणि थंडी एकत्रच येतात. जिनिंगमधील धूळ व कोरडी हवा यांनी घसा रूक्ष होऊन कोरड्या खोकल्याचे रुग्ण वाढतात. अनेकजण वैद्याकडे न येता थेट औषधी दुकानात "खोकला दाबणारे औषध द्या" अशी मागणी करतात. म्हणून वैद्य व औषधविक्रेते या दोघांसाठीही हा लेखनप्रपंच.

वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयात कास हा अधारणीय वेग मानला असून, तो रोधल्यास कासवृद्धी, श्वास व हृद्रोग संभवतात असे सांगितले आहे. कफ सुटत असताना, तसेच दम्याच्या रुग्णास, कासशामक देणे अहितकारक, ते याच कारणाने. थुंकी नसलेला, झोपमोड करणारा वातज कास हेच त्याचे क्षेत्र होय.

डेक्स्ट्रोमेथॉर्फनची प्रौढ मात्रा दिवसाकाठी 120 मिलिग्रॅमहून अधिक नसावी. नैराश्यावरील औषधे चालू आहेत का, हे आधी विचारावे. कोडीन 12 वर्षांखालील मुलांना देऊ नये. ते एच-1 अनुसूचीत असल्याने चिठ्ठीविना विक्री नको, आणि नोंद 3 वर्षे जपावी.

1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले. 2025 मध्ये छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपमधील त्याच डायएथिलीन ग्लायकॉल या विषाने अनेक बालकांचे प्राण घेतले. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने 2 वर्षांखालील बालकांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि 5 वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे टाळावीत, असे कळविले. विक्रेत्यांनी बिलाविना माल घेऊ नये व प्रत्येक बाटलीचा बॅच क्रमांक नोंदवावा.

वातज कासात स्नेहन प्रधान असल्याने सितोपलादी चूर्ण तुपासह द्यावे. मात्र त्यात खडीसाखर आहे, हे मधुमेहींबाबत विसरू नये. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो. 1 वर्षाखालील बालकास मध वर्ज्य. आपली औषधे निरपवाद निर्दोष आहेत, असा समज आपणच प्रथम सोडावा.

खोकला 2 आठवड्यांहून अधिक टिकल्यास क्षयरोगासाठी थुंकी तपासावी. रक्तदाबासाठी एनालाप्रिल वा रामिप्रिल चालू असल्यास कोरड्या खोकल्याचे मूळ तेथेही असू शकते. अशा वेळी ते औषध देणाऱ्या चिकित्सकाशी विचारविनिमय करावा. खोकल्यात रक्त, धाप वा वजनात घट दिसल्यास विलंब नको. लक्षण दबले म्हणजे व्याधी गेला असे नव्हे. निदानापूर्वी दिलेली बाटली कित्येकदा रुग्णाचे मोलाचे दिवस हिरावून घेते.