पी०४२० : पिवळा दिवा पेटला म्हणून लगेच कन्व्हर्टर बदलायचा का?

बेळगाव : गाडी चालते आहे, पिकअप ठीक आहे, ॲव्हरेजही फारसा घटलेला नाही, पण मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटून बसला आहे. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला की ‘पी०४२०’ असा कोड दिसतो आणि पुढच्याच वाक्यात निकाल लागतो : ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय, बदलावा लागेल.’ खर्चाचा आकडा ऐकून गाडीमालकाच्या पोटात गोळा येतो, कारण कंपनीच्या अस्सल कन्व्हर्टरचे बिल बहुधा पाच आकडी असते.

कधी हा निकाल बरोबर निघतो. पण कित्येकदा नवा कन्व्हर्टर बसवूनही काही महिन्यांत तोच दिवा, तोच कोड परत येतो. पैसे गेले आणि दुखणे तसेच राहिले, अशी गत होते. याचे कारण साधे आहे. कोड म्हणजे रोगाचे नाव नव्हे, ते लक्षण आहे. ताप आला म्हणजे मलेरियाच झाला असे कोणी धरत नाही. आधी रक्त तपासतात. गाडीचेही तसेच.

कोड वाचायचा कसा?

इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, स्वतःची तपासणी स्वतः करत असतो. या व्यवस्थेला ओबीडी म्हणतात. भारतात बीएस-४ गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा २०१० पासून आणि दुसरा टप्पा २०१३ पासून लागू झाला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर नियम आणखी कडक झाले. स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या तळाशी सोळा पिनांचे सॉकेट असते. स्कॅनर तिथेच जोडतात.

पी०४२० मधला ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा भाग. त्यापुढचे शून्य सांगते की हा कोड सर्व कंपन्यांना समान आहे. तिथे एक असेल तर कोड त्या कंपनीचा स्वतःचा. त्यानंतरचा चार हा आकडा प्रदूषण नियंत्रणाच्या जोडयंत्रणेचा. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार सांगतात : ‘बँक एकमधील कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी.’ बँक एक म्हणजे एक नंबरचा सिलिंडर ज्या बाजूला आहे ती बाजू. आपल्याकडच्या बहुतेक तीन आणि चार सिलिंडरच्या गाड्यांत एकच बँक असते, त्यामुळे तिथे गोंधळ नाही.

इथे शब्द नीट पाहावेत. ‘कार्यक्षमता कमी’ असे कोड म्हणतो. ‘कन्व्हर्टर बदला’ असे तो कुठेही म्हणत नाही.

संगणकाला कळते कसे?

सायलेन्सरच्या लाइनमध्ये, इंजिनाजवळ, एक धातूचा डबा असतो. त्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिक वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइड हे तीन विषारी घटक तिथे कमी घातक वायूंत बदलतात. कन्व्हर्टर साधारण अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअस तापल्यावर नीट काम करू लागतो. म्हणून थंड गाडीवर केलेली तपासणी उपयोगाची नसते.

कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. साध्या प्रकारचा पुढचा सेन्सर चालू इंजिनात ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वर-खाली होत असतो. चांगला कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आणि लागेल तसा सोडतो, त्यामुळे मागच्या सेन्सरपर्यंत ही चढउतार पोचत नाही. त्याची रेघ ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास बऱ्यापैकी सपाट राहते. कन्व्हर्टरची साठवणशक्ती संपली की मागचा सेन्सरही पुढच्यासारखा नाचू लागतो. हे साम्य ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, आणि बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन फेऱ्यांत तसेच दिसले, की दिवा पेटतो.

बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो आणि त्याचे आकडे असे नाचत नाहीत. तिथे मागच्या सेन्सरच्या रेघेवरच लक्ष ठेवावे लागते.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी म्हणजे सगळे कोड लिहून घेणे. पी०४२० एकटाच आहे की सोबत आणखी कोणी आहे? पी०३०० ते पी०३०४ असे मिसफायरचे कोड, पी०१७१ म्हणजे हवा जास्त-इंधन कमी, पी०१७२ म्हणजे इंधन जास्त, किंवा सेन्सरच्या हीटरचे पी०१३५ आणि पी०१४१ सोबत असतील तर आधी तेच दुरुस्त करायचे. कोड नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, तापमान, इंजिनावरचा भार ही माहितीही ईसीयूमध्ये साठलेली असते आणि स्कॅनरवर दिसते. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तीही जाते. म्हणून पुसण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

दुसरी पायरी ऑइल आणि कूलंटची. दोन सर्व्हिसिंगमध्ये ऑइल वारंवार वाढवावे लागते का? सकाळी निळसर धूर येतो का? कूलंटची पातळी कारण नसताना उतरते का? जळणाऱ्या ऑइलमधला फॉस्फरस कन्व्हर्टरच्या थरावर बसतो आणि त्याला निकामी करतो. असे इंजिन तसेच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार.

तिसरी पायरी गळतीची. गाडी थंड असताना सुरू करून सायलेन्सरच्या जोडांवर कान द्यावा. टक्-टक् किंवा फुसफुस आवाज, गॅस्केटपाशी काळे डाग, जाळीच्या लवचीक पाइपला गेलेली चीर या खुणा पाहाव्यात. मागच्या सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर फसतो आणि धडधाकट कन्व्हर्टरवर आळ येतो. खराब रस्त्यांवर खालून दगड लागलेल्या गाडीत हे आवर्जून पाहावे. गॅस्केट किंवा वेल्डिंगचे काम कन्व्हर्टरच्या किमतीच्या मानाने किरकोळ असते.

चौथी पायरी लाइव्ह डेटाची. इंजिन पूर्ण गरम करून दोन ते अडीच हजार आरपीएमवर दोन-तीन मिनिटे स्थिर धरायचे आणि दोन्ही सेन्सरच्या रेघा पाहायच्या. मागची रेघ स्थिर असेल तर कन्व्हर्टर अजून काम करतो आहे, दोष दुसरीकडे शोधावा. गळती नाही, मिसफायर नाही आणि तरी मागची रेघ पुढच्यासारखी नाचते आहे, तर कन्व्हर्टर थकला हे निदान बऱ्यापैकी पक्के होते. सोबत ‘फ्युएल ट्रिम’ पाहावा. तो दहा टक्क्यांपेक्षा जास्त वर किंवा खाली असेल तर हवा-इंधनाचे गणितच बिघडलेले आहे.

पाचवी पायरी : त्या मॉडेलसाठी कंपनीने ईसीयूचे सॉफ्टवेअर सुधारले आहे का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारावे. वॉरंटी बाकी असेल तर खिशातून पैसे काढण्यापूर्वी तिचे कागद वाचावेत.

मागचा सेन्सर बदलून भागेल का?

‘आधी स्वस्तातला सेन्सर बदलून पाहू’ हा सल्ला हमखास मिळतो. पण मागचा सेन्सर म्हातारा झाला की तो सुस्त होतो, त्याची रेघ अधिकच सपाट दिसते. म्हणजे तो कन्व्हर्टरचे दोष झाकतो, दाखवत नाही. सेन्सरच बिघडला असेल तर सहसा त्याचा स्वतःचा, पी०१३६ ते पी०१४१ मधला, कोड येतो. त्यामुळे एकट्या पी०४२० साठी सेन्सर बदलणे बहुधा वाया जाते.

सीएनजी आणि डिझेलवाल्यांसाठी

इंदूर, वडोदऱ्याकडे सीएनजी गाड्या भरपूर. बाहेरून बसवलेल्या किटचे ट्यूनिंग बिघडले तर मिसफायर आणि ट्रिमचे कोड येतात आणि पुढे कन्व्हर्टर पोळतो. अशा गाडीची तपासणी पेट्रोलवर आणि सीएनजीवर वेगवेगळी करावी. एकाच इंधनावर दोष दिसला तर मूळ कुठे आहे ते तिथेच कळते.

डिझेलचे दुखणे वेगळे. तिथे ईजीआरचा पी०४०१ किंवा काजळी साठल्याचा पी२४६३ जास्त भेटतो. काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी सलग, मोकळ्या रस्त्यावर गाडी चालावी लागते. रोज टिळकवाडी ते कॅम्प एवढीच फेरी असेल तर ही सफाई अर्धवट राहते.

दिवा लुकलुकला तर

स्थिर पिवळा दिवा असेल तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. पण दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर जोरात चालू आहे आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आहे, असे समजावे. आतली वीट वितळू शकते. चोर्ला किंवा आंबोली घाट चढताना असे झाले तर एक्सलेटर सोडावा आणि सुरक्षित जागी थांबावे. कोरड्या गवतावर गाडी उभी करू नये. खालचा डबा आग लावण्याइतका तापलेला असतो. एका कॉइलच्या किंवा प्लगच्या दोषापायी पूर्ण कन्व्हर्टर गमावण्यात अर्थ नाही.

जुनी गाडी घेताना

सीमाभागात एमएच, केए आणि जीए पासिंगच्या जुन्या गाड्यांची देवघेव नेहमीची. विक्रेत्याने आदल्या दिवशी कोड पुसला तर दिवा विझतो आणि गिऱ्हाइकाला काही कळत नाही. पण पुसलेला कोड एक खूण मागे ठेवतो. स्कॅनरमध्ये ‘रेडिनेस मॉनिटर’ नावाचा भाग असतो. कोड पुसला की तिथल्या तपासण्या ‘अपूर्ण’ दाखवतात आणि त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचे चालवणे, त्यात हायवेवरची सलग धाव, लागते. गरम इंजिनाची, रोजच्या वापरातली गाडी आणि कॅटॅलिस्टची तपासणी अपूर्ण, असे दिसले तर सौदा थांबवून कारण विचारावे. बॅटरी नुकतीच काढली असली तरी असे दिसते, म्हणून लगेच आरोप करू नये. चार दिवसांनी पुन्हा तपासू द्या, एवढेच म्हणावे. मोबाइलला जोडता येणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर यासाठी पुरतो.

‘पीयूसी आहे की’ हे उत्तर पुरेसे मानू नये. पीयूसीत सायलेन्सरच्या तोंडाशी त्या क्षणीचा धूर मोजतात. बीएस-४ पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. थकत चाललेला कन्व्हर्टर गरम असताना ही परीक्षा पास होऊ शकतो. उलट पीयूसीच नसेल तर कायद्याने दहा हजारांपर्यंत दंड आहे, मग गाडी कोणत्याही राज्याची असो.

बदलायचाच झाला तर

डबा हलवल्यावर आत खडखड वाजत असेल, गाडी चढाला गुदमरत असेल, किंवा वरच्या सगळ्या पायऱ्या पार करून दोष कन्व्हर्टरवरच आला असेल, तर तो बदलावा. पण आधी तो कशाने मेला ते शोधून दुरुस्त करावे. फार स्वस्त बाजारी कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातू कमी असतात आणि कोड लवकर परत येतो. जुना डबा गॅरेजमध्ये सोडून येऊ नये. त्या धातूंमुळे भंगारातही त्याला किंमत असते, ती बिलातून वजा करून घ्यावी.

डबा काढून साधा पाइप लावणे किंवा मागच्या सेन्सरखाली ॲडॉप्टर घालून दिवा विझवणे, असे उपायही सुचवले जातात. त्याने दिवा विझतो, विष थांबत नाही. तो धूर अखेर आपल्याच गल्लीत राहतो. शिवाय कंपनीने दिलेल्या रचनेत असा फेरफार करणे कायद्यात बसत नाही.

गॅरेजमध्ये एवढे चार प्रश्न विचारले तरी पुष्कळ झाले : सोबत दुसरा कोड होता का? गळती पाहिली का? मागच्या सेन्सरची रेघ दाखवाल का? आणि कन्व्हर्टर गेला असेल तर तो कशाने गेला? चांगला फिटर या प्रश्नांवर चिडत नाही, स्कॅनरचा पडदा तुमच्याकडे वळवतो.