देणगी दिली, मग पेटंट कुणाचं?

कंपनी आणि विद्यापीठ एकत्र आल्याची बातमी आपल्याकडे बहुधा फोटोतूनच कळते. दोन्हीकडची मंडळी, शाल-श्रीफळ आणि सह्या झालेला सामंजस्य करार. झाली भागीदारी, असं आपण धरून चालतो. महाविद्यालयं-विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’च्या मूल्यांकनात असे करार मोजले जात आले आहेत, त्यामुळे फायलीत ते भरपूर सापडतात. पण ज्यात रक्कम, जबाबदार माणूस आणि मुदत लिहिलेली नाही, तो कागद कुणालाच कामाला लावत नाही.

कंपन्यांकडचा गैरसमज याहून पक्का: सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून पैसे दिले, की संशोधनाचं फळ आपलं! कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम कायद्याच्या यादीतल्या सामाजिक कामांवर खर्चावी लागते. सरकारी निधीवरच्या विद्यापीठांतलं विज्ञान-तंत्रज्ञानाचं संशोधन त्या यादीत बसतं, पण कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचं काम बसत नाही. रंगाच्या कारखान्याला स्वतःचा रंग जास्त टिकायला हवा असेल, तर त्यासाठी प्रायोजित संशोधनाचा वेगळा करार करावा. कामाचे टप्पे, अहवाल, पेटंटची मालकी, सगळी घासाघीस तिथे. ‘निदान कर तरी वाचेल’ म्हणणाऱ्यांसाठी: आयकर कायदा सीएसआरला व्यवसायखर्च मानत नाही.

अध्यासनाचं, म्हणजे देणगीच्या व्याजावर चालणाऱ्या प्राध्यापकपदाचं प्रकरण आणखी गमतीचं. समजा अडीच कोटी रुपये कायम ठेवीत गुंतवले, तर सात टक्क्यांनी वर्षाला साडेसतरा लाख व्याज येतं आणि मुद्दलाला हात न लावता प्राध्यापकाचं काम चालतं. दूरदृष्टीचं देणं म्हणावं ते हेच. नेमकं हेच सीएसआरमधून करता येत नाही! २२ जानेवारी २०२१ पासून कुठल्याही संस्थेच्या कायमनिधीत भरलेली रक्कम सीएसआर धरली जात नाही. चालू प्रकल्पालाही सुरुवातीचं वर्ष सोडून तीनच वर्षं मिळतात. पैसा साचून राहू नये हा हेतू रास्त आहे. पण मूलभूत संशोधन तीन वर्षांत उरकत नाही. म्हणून अध्यासनासाठी सीएसआरबाहेरचा पैसा लागतो: माजी विद्यार्थ्यांचा, उद्योजकाच्या खिशातला किंवा कंपनीचा स्वेच्छेने दिलेला.

उद्योजकांनी विद्येसाठी असा पैसा देणं म्हणजे अमेरिकेचं अनुकरण, असंही म्हणतात. पण गिरणीमालक जमशेटजी टाटांनी १८९८ मध्येच मुंबईतल्या मोठ्या मालमत्तेची देणगी संशोधनसंस्थेसाठी देऊ केली होती. १९०४ मध्ये ते गेले आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये उभी राहिली. जमीन म्हैसूर संस्थानाची. अधिकृत नावात टाटा नाहीत, तरी गावात आजही ती ‘टाटा इन्स्टिट्यूट’च.

रोख जमत नसेल तर यंत्र द्या, हा सल्ला मात्र जपून घ्यावा. ‘सौजन्य’ची पितळी पाटी आणि वर धूळ खाणारं प्लास्टिकचं आवरण असं यंत्र पुष्कळ प्रयोगशाळांत दिसतं: देखभालीचा करार संपलेला, सुटे भाग महाग, चालवणारा तंत्रज्ञ नाही. यंत्रासोबत पाच वर्षांची देखभाल आणि तंत्रज्ञाचा पगारही मागायला प्राचार्य संकोचतात, कारण फुकटच्या वस्तूवर अटी कशा घालायच्या? घालाव्यात, आणि पाटी लावण्याआधी घालाव्यात.