पत्रीतली रुई आणि तिच्यावरचे भाडेकरू

अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखरांची चित्रफीत मोबाइलवर फिरली, की नर्सरीत त्या फुलपाखरांचं झाड म्हणून ‘मिल्कवीड आहे का?’ असं विचारणारे आपल्याकडेही भेटतात. मोनार्कचं कौतुक रास्तच आहे. कॅनडापासून मेक्सिकोच्या डोंगरांपर्यंत हजारो किलोमीटर उडत जाऊन ती फुलपाखरं हिवाळा काढतात. त्यांचा तो मुक्काम शास्त्रज्ञांना 1975 साली सापडला आणि पुढच्या वर्षी जगाला कळला. पण मोनार्क काही पेणला किंवा रोह्याला यायचा नाही. येतो तो त्याचा सख्खा चुलतभाऊ, बिबळ्या कडवा. इंग्रजीत त्याला प्लेन टायगर म्हणतात. आणि त्याला लागणारं झाड आपण दर पावसाळ्याआधी कोयत्यानं साफ करतो.

ते झाड म्हणजे रुई. मिल्कवीडच्याच कुळातली, पान तोडलं की दुधाळ चीक गाळणारी. हवाई बेटांवर मोनार्कच्या अळ्या चक्क आपल्या या रुईवर पोसल्या जातात आणि तिथले लोक तिच्या फुलांच्या माळा गळ्यात घालतात. आपल्याकडे तिच्या पानांची माळ शनिवारी मारुतीला. पेणला तर रुईचं वेगळं महत्त्व सांगायला नको. गणपतीच्या एकवीस पत्रींत अर्क म्हणजे हीच, आणि करवीर म्हणजे कण्हेर. चतुर्थीला या पानांसाठी गावभर शोधाशोध आणि एरवी ‘रुई दारात नको’ असा आपला खाक्या! खारेपाटातले बांध, महामार्गाच्या कडा, कोकण रेल्वे जिथून सुरू होते त्या रोह्याच्या रुळांची बाजू, असल्या पडीक जागी ती तग धरून असते.

बिबळ्या कडव्याची मादी पानावर उतरते, शेपटाकडचा भाग खाली वळवते आणि एकच फिकट अंडं चिकटवून पुढच्या पानावर जाते. काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी बाहेर आली, की तिचं काम बघण्यासारखं. ती थेट पान कुरतडत नाही. आधी शीर कापते, चीक वाहून जाऊ देते आणि मग कापलेल्या भागापुढचं पान निवांत खाते. एवढं करूनही चिकातलं थोडं विष ती अंगात साठवते. मोठी झाल्यावर तिला खाणारा पक्षी ओकतो आणि पुन्हा त्या नारिंगी रंगाच्या वाटेला जात नाही. पाठीवरच्या शिंगांच्या जोड्या मोजा: मोनार्कच्या अळीला दोन, आपल्याकडचीला तीन. फुलपाखरू झाल्यावर मागच्या पंखाच्या मध्यावरचे काळे ठिपके पाहावेत. चार असले तर नर, तीन असले तर मादी. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सगळा संसार साधारण महिन्याभरात उरकतो.

झेंडू, टणटणी लावून फुलपाखरं जमतात हे खरंच, पण ती खानावळ झाली. बाळंतपणाला माहेरच लागतं. रुईचं रोप उपटून आणलं तर सोटमूळ दुखावतं आणि ते बहुधा मरतं. बोंड फुटून म्हाताऱ्या उडायच्या आत बी धरावं आणि पावसाच्या तोंडावर पेरावं. जागा मात्र उंचवट्याची हवी, आपल्या पावसात पाणी तुंबलं की मूळ कुजतं. कुंडीतच लावायचं असेल तर काकतुंडी, म्हणजे हळदी-कुंकू. मूळची अमेरिकेची, पण बिबळ्याला चालते. रुईवर पिवळा मावा हमखास येतो. औषध मारलं तर अळ्याही गेल्या. पाण्याचा जोर पुरतो, शिवाय ढालकिडे येतातच. चीक डोळ्यात जाऊ देऊ नये, फार त्रास होतो. मुलं असतील त्या घरी रोप गडग्याच्या बाहेरच्या अंगाला बरं.

खुळखुळा आणि भुरुंडी ही दोन तणंही ठेवावीत. बिबळ्याचे नर त्यांच्या सुकल्या काड्या चोखतात आणि त्या रसातून मादीला भुलवणारा गंध बनवतात. कण्हेरीवर हबशी हे फुलपाखरू येतं. त्याचा कोष आरशासारखा चकाकतो, दागिना समजून आपण त्याला हात लावतो. लिंबाच्या झाडावर राणी पाकोळी अंडी घालते, जिला महाराष्ट्रानं 2015 मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. ठाण्याच्या ओवळेकर वाडीत राजेंद्र ओवळेकरांनी अशीच खाद्यझाडं लावून शेताचं फुलपाखरू उद्यान केलं. तिथं जाऊन यावं, निम्म्या शंका तिथंच फिटतात.

आणि घोळीची भाजी खुडताना थोडी शेंडेदार ठेवा. बिबळ्याची हुबेहूब नक्कल करणाऱ्या दुसऱ्या एका जातीच्या मादीला तीच लागते. तिच्या अंगात विष नाही, पण पक्षी फसतात, आणि आपणही.