रथ चौधरी वाड्यापाशी येतो तेव्हा

जुन्या जळगावात आज रिक्षा शिरत नाही. सुभाष चौकात उतरायचं, सराफ बाजार मागे टाकायचा आणि माणसं जिकडे चाललीत तिकडे चालत राहायचं. कार्तिकी एकादशी आहे, रामाचा रथ निघायचाय. दारोदार सडे पडलेत. बाया भर रस्त्यात बसून रांगोळ्या काढताहेत. थोड्या वेळाने त्यांच्यावरून रथाची चाकं जाणार हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्यासाठीच तर त्या काढताहेत. टाळांचा आवाज येतोय, पण कुठल्या गल्लीतून ते कळत नाही. इथल्या गल्ल्या अशा वळतात की आवाज आधी पोचतो, माणसं मागून येतात.

बाहेरचा माणूस जळगावला उतरतो तो अजिंठ्यासाठी. स्टेशन, बसस्टँड, लेणी आणि संध्याकाळची परतीची गाडी. गावात बघण्यासारखं काय आहे, असं विचारलं तर आम्हीच त्याला सोन्याची दुकानं दाखवतो. मला हे फार लागतं. भोईटे गढी, कोल्हे वाडा, चौधरी वाडा, बोहरा गल्ली, भिलपुरा, रथ चौक एवढा हा टापू, आरामात पायी फिरून होतो. मराठी कवितेतलं एक थोर घर या टापूत आहे आणि दीडशे वर्षांहून जुना उत्सव अजून माणसांच्या खांद्यांवर चालतोय.

श्रीराम मंदिराशी पोचते तर आरती सुरू आहे. रथ बाहेर उभा, उंच, लाकडी, झेंडूच्या माळांनी आणि केळीच्या खांबांनी सजलेला. हा उत्सव आप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केला. रथ हा त्याचा मोठा दिवस. त्याआधी कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून रोज रात्री देवाचं वहन निघतं. घोडा, हत्ती, सिंह, सरस्वती अशी लाकडी वहनं या गल्ल्यांतून फिरतात, घराघरांपुढे थांबतात, भजनं आणि भारुडं होतात, पानसुपारी होते. ज्याला गर्दी सोसत नाही त्याने रथाला न येता एखाद्या वहनाला यावं. दिव्यांच्या उजेडात लाकडावरचं रंगकाम अगदी जवळून बघता येतं आणि भारुड म्हणणाऱ्याचा शब्द न् शब्द कानावर पडतो.

मी रथाच्या पुढे निघून चौधरी वाड्यापाशी येते. एका घराच्या ओट्यावर आधीच सात-आठ बाया दाटीवाटीने बसल्यात. त्यातली एक आजी सरकून जागा करते. "ये माय, वर ये. खाली उभी राहशीन तं काही दिसनार नाही." शेजारी धुळ्याकडून आलेलं बिऱ्हाड आहे, त्यांचं पोरगं कठड्यावर चढून अहिराणीत ओरडतंय, "रथ उना, रथ उना!" रथ अजून दोन वळणं लांब आहे.

याच वाड्यात बहिणाबाई चौधरी राहिल्या. जन्म जवळच्या आसोद्याचा, १८८० चा. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा रथ सुरू होऊन वीसेक वर्षं झाली होती. म्हणजे जवळजवळ सहा दशकं हा उत्सव त्यांच्या दारावरून गेला. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या गाणी रचत गेल्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, त्याने आणि घरातल्यांनी ती टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. छापलेलं पुस्तक त्यांनी हातात धरलं नाही.

आता वाड्यात त्यांचं स्मृतिसंग्रहालय आहे, भवरलाल अँड कांताबाई जैन फाउंडेशनने उभं केलेलं. त्यांच्या रोजच्या वापरातली भांडी, शेतीची अवजारं, पूजेचं साहित्य तिथे जपलंय. पाहुण्यांना मी एकच विनंती करते. संग्रहालय बघून लगेच गाडीत बसू नका. बाहेर गल्लीत थोडा वेळ थांबा. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी बाई, पोराला हाक मारणारी आई, ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या लेवा बोलीत बोलत असतात. बहिणाबाईंची कविता याच बोलीतून उगवली. काचेआडची भांडी पाहून जे कळत नाही ते इथे कानाला कळतं.

"मोगरीवाल्याकडे पाहय," आजी माझं कोपर दाबते. "देवाकडे मंग पाहय."

रथ वळणावर आलाय. पुढे झेंडेकरी, सनई, भजनी मंडळ, त्यामागे जाड दोर धरलेली पोरं. या रथाला ना ब्रेक आहे ना स्टिअरिंग. त्याला थांबवतात आणि वळवतात ती मोगरी, म्हणजे जाड लाकडाची पाचर. चाकांच्या दोन्ही बाजूंनी मोगरीवाले कमरेत वाकून, जवळजवळ मागे सरकत चालताहेत. आरोळी होते, दोर ताणतात, रथ करकरत निघतो. वळणाच्या तोंडाशी डाव्या बाजूचा माणूस मोगरी चाकाखाली तिरपी सारतो. चाक तिच्यावर चढतं, घसरतं, आणि एवढा मोठा डोलारा वीतभर उजवीकडे फिरतो. लगेच दुसरी मोगरी. पुन्हा वीतभर. त्याचा हात आणि चाक यांच्यामध्ये बोटभर अंतर उरतं. तो वर बघत नाही, देवाकडे नाही, आमच्याकडे नाही. त्याची नजर फक्त चाक जमिनीला टेकतं त्या जागेवर आहे. मोगरीला चाकाचे घाव बसून तिच्या कडा झिजल्यात, लाकडाचे तंतू उघडे पडलेत. "सरक रे भो, सरक!" कोणीतरी ओरडतं, गर्दी भिंतीला चिकटते, आणि रथ आमच्या ओट्याला न घासता पुढे निघतो. आजी हात जोडते ती आता.

हे कसब कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. पोरं दोराला लागतात, वर्षानुवर्षं चाकाशेजारून चालतात, आणि मग एखाद्या वर्षी त्यांच्या हातात मोगरी येते. माझ्या मते जुन्या जळगावातली सगळ्यात मोठी कलाकारी ती हीच.

रथाचा पुढचा रस्ता लांब आहे. बोहरा गल्ली, सुभाष चौक, दाणाबाजार, शिवाजी रोड, घाणेकर चौक करत तो परत फिरतो आणि भिलपुऱ्यात येतो. तिथे लालशाह बाबांची समाधी आहे. आप्पा महाराज आणि लालशाह बाबा यांचा स्नेह होता असं जुनी माणसं सांगतात. रथ समाधीजवळ थांबतो, रथाकडून समाधीवर फुलांची चादर चढते, तिकडून मुस्लिम बांधव रथावर फुलं उधळतात. दोन-चार मिनिटांचा कार्यक्रम. तरी गावाबाहेर गेलेली जळगावची माणसं रथाची आठवण काढतात तेव्हा चौधरी वाड्याचं वळण आणि भिलपुऱ्याचा हा थांबा, दोन्ही काढतात.

दुसरा दिवस हाताशी असेल तर व. वा. वाचनालयात जा, १८७७ पासूनची संस्था आहे. १९०७ मध्ये याच जळगावात पहिलं कविसंमेलन भरलं होतं. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या पोराची कविता ऐकून सभेने त्याला 'बालकवी' म्हटलं. नारायण राजहंस, पुढचे बालगंधर्व, लहानपणी गाणं शिकले तेही जळगावात, मेहबूब खाँ यांच्याकडे. जानेवारीत छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहात बालगंधर्वांच्या नावाचा संगीत महोत्सव भरतो. आणि इतिहासाची ओढ असणाऱ्याने नव्वदेक किलोमीटरवरच्या धुळ्याला गेल्याशिवाय परतू नये. तिथे गल्ली नंबर एकमध्ये राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात वारले, त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेली कागदपत्रं तिथे आहेत.

यायचंच असेल तर या काही गोष्टी ध्यानात ठेवा. रथाच्या दिवशी साध्या चपला घाला, पाणी जवळ ठेवा, लहान मुलांना दोराजवळ नेऊ नका. वांग्याच्या भरताची आशा धरू नका. एकादशीचा उपास आहे, आणि पुष्कळ घरांत चंपाषष्ठीपर्यंत वांगं खात नाहीत. साबुदाणा आणि भगर मात्र पोटभर मिळेल, बहुधा कोणा अनोळखी घरून. ओट्यावर बसायला सांगितलं तर संकोच करू नका, बसा. मोगरीवाल्यांचे फोटो काढताना त्यांच्या वाटेत जाऊ नका आणि त्यांना हाक मारू नका. कार्तिकी एकादशीला सकाळी लवकर श्रीराम मंदिराशी पोचा, आणि अजिंठ्याचा बेत पुढच्या दिवसावर ढकला. फक्त तो सोमवार नाही ना, एवढं बघून घ्या; सोमवारी लेणी बंद असतात.