घराखालची पोकळी कोणाच्या खात्यात?

फ्लोरिडाच्या पोटात चुनखडक आहे. जमिनीत मुरणारे किंचित आम्लधर्मी पावसाचे पाणी तो हळूहळू विरघळवते आणि एके दिवशी वरची वाळू-माती आत कोसळते. फेब्रुवारी २०१३मध्ये सेफनर इथे झोपलेला एक माणूस शयनगृहाच्या जमिनीसकट गडप झाला. मृतदेह सापडलाच नाही. बुजवलेला खड्डा २०१५मध्ये पुन्हा उघडला.

भरपाईचे काय?

तिथे घरविम्यात जमीन खचण्याचे संरक्षण कायद्याने द्यावेच लागते. पण खचणे अचानक हवे, खड्डा डोळ्यांना दिसायला हवा, घराच्या पायाचे नुकसान हवे आणि घर रिकामे करण्याचा सरकारी हुकूमही हवा. चारही एकदम! नुसत्या भेगांसाठी (आणि बहुतेकदा आधी दिसतात त्या भेगाच) जादा हप्त्याचा वेगळा विमा लागतो. अशी भरपाई पूर्वी घेतली असेल, तर घर विकताना ती खरेदीदाराला सांगावी लागते. तो पैसा दुरुस्तीवरच खर्च झाला का, हेसुद्धा.