रणसंगीत: काही समज आणि वस्तुस्थिती

युद्धावर आधारलेल्या व्हिडिओ गेमला वाद्यवृंदाचे संगीत द्यावयाचे म्हणजे चित्रपटाप्रमाणे एक प्रदीर्घ रचना लिहून दिली की काम संपले, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. वास्तविक पडद्यावरील लढाईची लांबी संकलकाने आधीच कायम केलेली असते, तर गेममधील लढाईची मुदत सर्वस्वी खेळणाऱ्याच्या मर्जीवर असते. म्हणून रचनाकार तंतुवाद्ये, पितळी वाद्ये आणि नगारे यांचे एकाच लयीतले थर स्वतंत्र तयार ठेवतो, आणि शत्रू जवळ येईल तसतसा संगणक एकेक थर मिसळत जातो. लुकासआर्ट्स कंपनीत मायकेल लँड व पीटर मॅककॉनेल यांनी रचलेल्या ‘आयम्यूज’ प्रणालीने अशीच प्रसंगानुरूप वळणारी तजवीज १९९१ साली ‘मंकी आयलंड २’मध्ये केली.

परंतु ही कल्पना यंत्रानेच जन्माला घातली, हेही खरे नव्हे. गोव्याच्या पेडणे महालातील जत्रेत उत्तररात्री दशावतारी नाटकातले देवदानवांचे युद्ध ज्याने पाहिले आहे, त्याला ठाऊक असते की तेथे लिखित संहिता नसते. पखवाजी नटाच्या पावलांवर नजर ठेवून असतो, गिरकी लांबली की बोल लांबवतो, आणि राक्षस थबकून आव्हानाचे भाषण करू लागला की शब्दांना वाट मिळावी म्हणून थापेचा जोर उतरवतो. युद्धसंगीत अखंड दणदणीतच हवे, या समजुतीला याहून चोख उत्तर नाही. गेममध्ये तर तोफांचे स्फोट खर्जाचा प्रदेश आधीच व्यापून बसलेले असतात. त्यांच्यावर नगारे लादले, की दोन्ही चिखलात जातात.

सर्व वादन संगणकच करतो, हाही एक लाडका गैरसमज. ‘मेडल ऑफ ऑनर’ (१९९९) या दुसऱ्या महायुद्धावरील गेमसाठी मायकेल जियाकिनो यांचे संगीत प्रत्यक्ष वाद्यवृंदाने वाजवले. संगणकातल्या तुतारीचा श्वास कधी संपत नाही, वादकाचा संपतो. स्वरलेखनात विश्रामाच्या जागा न ठेवणाऱ्याची फजिती तालमीतच होते.

डिचोलीच्या शिगम्यात कमरेला लाकडी घोडा बांधून, तलवार परजीत निघणाऱ्या घोडेमोडणीचे ढोल-ताशे लढाईच्या प्रसंगाखाली सरसकट वापरावे, असे सुचवणारेही भेटतात. सूचना आकर्षक, पण जागा चुकलेली: लोकस्मृतीत ही मिरवणूक राणे घराण्याच्या पोर्तुगिजांवरील विजयाची आहे, तेव्हा तिचा ठेका चकमकीखाली न घालता ती संपून सैन्य गावात परतते त्या खंडासाठी राखावा.