दुधाची बशी आणि माऊचं पोट

पावसाळ्याच्या तोंडाशी एखादी मांजरी जिन्याखाली, गच्चीवरच्या टाकीआड किंवा शेजारच्या बंद बिऱ्हाडाच्या पडवीत वितेच. महिन्याभरात पिल्लं दुडुदुडु चालू लागतात आणि एक दिवस आपली मुलं त्यांतलं एक पोटाशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहतात. ‘आई, ठेवूया ना गं!’ आईचा विरोध फार तर संध्याकाळपर्यंत टिकतो. पिल्लापुढे दुधाची बशी येते, पिल्लू ती चाटूनपुसून साफ करतं आणि सगळं घर कौतुकानं बघत बसतं.

दुसऱ्या दिवशी पायपुसण्यावर पिवळसर पातळ शी पडलेली असते. तिसऱ्या दिवशी पिल्लू कोपऱ्यात मान टाकून बसतं. ‘दृष्ट लागली’, ‘गारठा बाधला’ असं काहीबाही बोललं जातं आणि अंगात ताकद यावी म्हणून आणखी थोडं दूध पुढे केलं जातं. दुखण्याचं मूळ पुष्कळदा त्या बशीतच असतं, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मांजराचं पोट बिघडायला कारणं अनेक असतात. पण त्यांतलं सर्वस्वी आपल्या हातातलं कारण म्हणजे त्याचं खाणं. धडधाकट मोठ्या मांजराला एखाद्या दिवसाचे जुलाब सोसतात. अर्ध्या किलोच्या पिल्लाला ते सोसत नाहीत. त्याच्या अंगातलं पाणी बघता बघता कमी होतं आणि एका दिवसातही ते दगावू शकतं. म्हणून घरात माऊ येणार असेल, तर तिच्या पोटाची थोडी माहिती आधीच करून घेतलेली बरी.

दूध का बाधतं?

आईचं दूध पिणाऱ्या पिल्लाच्या आतड्यात लॅक्टेज नावाचा पाचकरस असतो. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवण्याचं काम त्याचं. पिल्लू अंगावरून सुटायला लागलं, की हा रस कमी कमी होत जातो. मग न पचलेली साखर तशीच पुढे मोठ्या आतड्यात जाते, तिथे आंबते आणि पाणी ओढून घेते. पोट गुडगुडतं, फुगतं आणि जुलाब होतात. काही माणसांना दूध पचत नाही ना, तोच हा प्रकार. सगळ्याच मांजरांना दूध बाधतं असं नव्हे. काही मोठी मांजरं दोन-चार चमचे दूध खुशाल पचवतात. पण दूध हा मांजराचा आहार नव्हे. आणि पोट बिघडलेलं असताना तर तो हमखास अपाय.

‘पण पिल्लं आईचं दूध पितातच की!’ पितात, पण मांजरीचं दूध वेगळं. त्यात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीच्या घरात असतात. म्हणजे गाईच्या दुधानं पिल्लाचं पोट तर बिघडतंच, शिवाय त्याचं पोषणही अपुरं राहतं. दुधात पाणी घालून हा प्रश्न सुटत नाही. त्यानं पोषण तेवढं आणखी पातळ होतं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, तेव्हा ते पचायला आणखी जड. शेळीच्या दुधाचा मोठा बोलबाला आहे, पण त्यातही लॅक्टोज थोडंसंच कमी असतं.

‘तिला आवडतं किती!’ हा आपला पुढचा मुद्दा. आवडतं हे खरं, पण गोडीसाठी नव्हे. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही. त्याचं कारण त्याच्या जनुकांत आहे, असं शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवून दिलं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. पाजणाऱ्यानं तरी डोळे उघडे ठेवावेत!

वाघाची मावशी

आपल्याकडे मांजराला वाघाची मावशी म्हणतात, ते काही उगाच नाही. ते जन्माचं मांसाहारी. त्याचे दात फाडायचे, चावून रवंथ करायचे नव्हेत. धान्यातला पिष्टमय भाग पचवायला माणसाच्या लाळेपासूनच सुरुवात होते. मांजराच्या लाळेत तो पाचकरसच नसतो. त्याची आतडीही शरीराच्या मानानं आखूड. त्यामुळे दूध-भात, पोळीचा काला, वरण-भात यांवर वाढवलेलं मांजर वरून गोंडस दिसलं, तरी त्याची आतून उपासमारच चाललेली असते.

आणखी एक गोष्ट नुसत्या पोटापुरती नाही. मांस-मासळीत टॉरिन नावाचा एक घटक असतो. तो मांजराला पुरेसा बनवता येत नाही, खाण्यातूनच मिळावा लागतो. तो नसेल तर मांजराच्या डोळ्यांचा आतला पडदा खराब होऊन दृष्टी जाते, हे १९७५ मध्ये सिद्ध झालं. त्याच्याच अभावी हृदयाचे स्नायू कमजोर होतात, हे १९८७ मध्ये कळलं. त्यानंतर बाजारातल्या मांजरांच्या खाण्यात टॉरिनचं प्रमाण वाढवण्यात आलं.

आता शाकाहारी घरातल्या गृहिणीनं काय करायचं? घरात मांस-मासळी शिजवायची नसेल, तर मांजरांसाठी तयार मिळणारं पाकिटातलं खाणं हा सरळ मार्ग. त्याचं भांडं वेगळं ठेवा, गॅलरीत घाला, म्हणजे सासूबाईंचीही तक्रार राहणार नाही. पाकिटावर ते पूर्ण आहार असल्याचं आणि कोणत्या वयाच्या मांजरासाठी आहे हे लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. कुत्र्याचं खाणं मांजराला चालत नाही, बरं का. पण हेही जमणार नसेल, तर मुलांची समजूत घालावी आणि पिल्लू खाऊ-पिऊ घालणाऱ्या घरी द्यावं. आपले नियम आपल्यासाठी असतात. मुक्या जिवाला ते पाळायला लावणं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं.

मांसाहारी घरांनीही निर्धास्त राहू नये. मांजर उंदीर खातं ते हाडामांसासकट. नुसत्या मांसाच्या तुकड्यांवर पिल्लू वाढवलं, तर कॅल्शियम कमी पडून त्याची हाडं ठिसूळ होतात. रोज कलेजी घातली, तर ‘अ’ जीवनसत्त्व अती होऊन मान-पाठ ताठरते. तेव्हा रोजचा आधार पूर्ण आहाराचा असावा, बाकीचं वरकड म्हणून.

अगदी तान्हं पिल्लू असेल तर

आधी हे पाहा, की ते खरंच पोरकं आहे का. आई भक्ष्य शोधायला गेलेली असते आणि आपण पिल्लू उचलून आणतो. थोडं लांबून लक्ष ठेवा. आठ आठवड्यांआधी आईपासून तोडू नये, हे उत्तम.

आई खरोखरच नसेल, तर औषधांच्या किंवा प्राण्यांच्या दुकानात मांजराच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, ती आणावी. पिल्लू गार पडलेलं असेल तर आधी ऊब द्या: गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. गार अंगाच्या पिल्लाला दूध पचत नाही. मग आपण बाळासाठी बघतो तसं मनगटावर थेंब टाकून कोमट दूध बाटलीनं द्या. पिल्लाला पालथं, पोटावर ठेवूनच पाजायचं. बाळासारखं उताणं धरलं, तर दूध छातीत जाण्याची भीती असते. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. पहिल्या तीन आठवड्यांत शी-शू देखील आपोआप होत नाही. पाजून झालं की ओल्या कोमट कापसानं हलकेच पुसावं लागतं. आई चाटते ना, तेच काम आपण करायचं. रोज वजन केलंत तर दहा-पंधरा ग्रॅम वाढ दिसायला हवी. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा इथे फार उपयोगी पडतो.

चार आठवड्यांनी पसरट ताटलीत मऊ खाणं सुरू करावं आणि आठव्या आठवड्यापर्यंत दूध तोडावं. पुढे चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि मग दोन वेळा, असा क्रम ठेवा.

पोट बिघडवणाऱ्या आणखी गोष्टी

खाण्यातला एकदम बदल हे जुलाबांचं मोठं कारण. आज हे, उद्या ते, असं करू नये. नवं खाणं सुरू करताना पहिले दोन-तीन दिवस चौथा हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण, असं करत आठवडा-दहा दिवसांत पूर्ण बदल करावा.

बिचारं उपाशी आहे म्हणून ढीगभर वाढणं, हेही वाईट. रस्त्यावरचं पिल्लू मिळेल ते बकाबका खातं आणि लगेच ओकतं. थोडं थोडं, पण अनेकदा द्या.

ताटातलं उष्टं घालू नका. आपल्या रश्शात कांदा-लसूण असतोच, आणि त्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तो शिजवलेला असो वा वाळवून पूड केलेला, अपाय तोच. शिजलेल्या कोंबडीच्या हाडांची कुसळं होतात आणि आतड्याला टोचतात. खारवलेल्या सुक्या मासळीत मीठ फार. चॉकलेट तर विषच.

भरतकाम-विणकाम करणाऱ्या मैत्रिणींनी जास्त जपावं. लोकरीचा गुंडा, शिवणाचा दोरा, गजऱ्याचा दोरा यांच्याशी माऊ खेळते आणि तो गिळते. दोरा आतड्यात अडकला, की उलट्या थांबत नाहीत. तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोऱ्याचं टोक दिसलं, तर चुकूनही ओढू नका. आतडं कापलं जाईल. तसंच डॉक्टरांकडे न्या.

पोट बिघडलंच तर

मोठं मांजर खेळतंय, खातंय, फक्त शी पातळ आहे, अशा वेळी दूध आणि नवं काही दिलं असेल ते बंद करा. बिनहाडाची कोंबडी नुसत्या पाण्यात उकडून, मीठ, हळद, तेल काहीही न घालता, बारीक कुस्करून दिवसातून चार-पाच वेळा थोडी थोडी द्या. हवा तर त्यात चमचाभर मऊ भात. हे दोन-तीन दिवसांपुरतंच. दुधाच्या बशीत आता स्वच्छ पाणी ठेवा आणि ते रोज बदला. मांजर मुळात पाणी कमी पितं, म्हणून खाणं ओलसर असलेलं चांगलं.

‘लंघन हे परम औषध’ हा आपला नियम मांजराला लावू नका. पिल्लाला तर मुळीच उपाशी ठेवायचं नाही. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही, तर त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेततं.

आणि घरातल्या डब्यातली माणसांची औषधं? हातसुद्धा लावू नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. जुलाब थांबवण्याच्या गोळ्याही मनानं देऊ नयेत.

खाणं नीट असूनही पोट वारंवार बिघडत असेल, तर जंतांचा विचार करावा. जंत आईच्या दुधातूनही पिल्लात येतात. हातपाय काड्या आणि पोट मात्र नगारा, ही त्याची खूण. तिसऱ्या आठवड्यापासून डॉक्टर वजनानुसार औषध देतात. मांजराची शी काढल्यावर हात साबणानं धुवावेत, आणि दिवस गेलेले असतील तर हे काम दुसऱ्या कुणावर सोपवावं.

डॉक्टरांकडे त्याच दिवशी

चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला जुलाब आणि उलट्या दोन्ही होत असतील, शीत रक्त असेल, ते मलूल पडलं असेल, हिरड्या पांढुरक्या किंवा चिकट झाल्या असतील, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर पटकन जागेवर जात नसेल, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. मांजरांना पॅनल्युकोपेनिया नावाचा एक विषाणूचा रोग होतो. त्याची सुरुवात अशीच होते आणि पिल्लं पटापट जातात. त्यावर लस आहे. ती सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते.

मोठं मांजर चोवीस तास काही खात नसेल, तरी दाखवावं. आणि बोका वाळूत पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल, तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजू नका. त्याची लघवी अडलेली असू शकते, आणि मग काही तासांचाच प्रश्न असतो.

तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तो फक्त गाई-म्हशींसाठी आहे अशी समजूत करून घेऊ नका. मुंबईत परळला जुन्या माणसांच्या तोंडी ‘बैलघोडा’ म्हणून असलेलं जनावरांचं मोठं इस्पितळ आहे आणि तिथे मांजरंही येतात. जवळचा दवाखाना कुठे आहे, किती वाजता उघडतो, सुट्टीच्या दिवशी कोण भेटेल, हे पिल्लू घरात आलं त्याच दिवशी विचारून घ्या आणि फोन नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवा. पिल्लाचं पोट रात्री-अपरात्रीच बिघडतं, आणि तेव्हा शोधाशोध करण्यात गेलेले दोन तास त्याला फार महाग पडतात.